थंडीत गाडी का रुसते?

मुलांनो, डिसेंबरमधील पहाटेचे साडेपाच वाजले आहेत, असे समजा. स्वारगेटच्या एस. टी. स्थानकातून साताऱ्याकडे जाणारी पहिली-दुसरी गाडी बाहेर पडत आहे. भाजीचे टेम्पो मार्केट यार्डाच्या दिशेने धावत आहेत. तुमच्या अब्बांना बेकरीतून पाव घेऊन सहाच्या आत तीन-चार हॉटेलांत पोहोचवायचे आहेत. ते मोटारसायकलला किक मारतात. इंजिन दोनदा खोकल्यासारखे करते आणि गप्प बसते. दहाव्या किकला ते सुरू होते खरे. पण रेस दिली की गुदमरते. जेधे चौकात सिग्नलला थांबताच पुन्हा बंद! मागून बसचा हॉर्न वाजू लागतो. अब्बा घामाघूम होऊन गाडी ढकलत कडेला आणतात. पाव उशिरा पोहोचतात आणि हॉटेलवाला म्हणतो, "भाई, उद्यापासून मी दुसऱ्याकडून घेईन."

दुपारी अब्बा गाडी गॅरेजात नेतात. उस्ताद किक मारतात आणि पहिल्याच किकला गाडी सुरू होते. "गाडी तर एकदम ठीक आहे," उस्ताद म्हणतात. तरीपण खात्री म्हणून प्लग बदलला जातो. दुसऱ्या दिवशी पहाटे तीच रड. मग कार्बोरेटर खोलला जातो. पुढच्या आठवड्यात नवी बॅटरी येते. खिसा रिकामा होतो, खोड मात्र जात नाही.

यात उस्तादांचा दोष नाही. पुण्याच्या हवेचा हा खेळ आहे. आपले शहर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांहून अधिक उंचीवर आहे. हिवाळ्यात येथे आकाश निरभ्र असते. रात्री जमीन लवकर थंड होते आणि दिवसा लवकर तापते. पहाटे तापमान १० अंश सेल्सियसच्या आसपास असते, तर दुपारी ते २८-३० अंशांवर जाते. जानेवारी १९३५ मध्ये तर पुण्याचे किमान तापमान १.७ अंशांपर्यंत उतरले होते. म्हणजे जो बिघाड फक्त थंडीत दिसतो, तो दुपारच्या उन्हात लपून बसतो. म्हणून हा चोर पहाटेच पकडला पाहिजे. त्यासाठी हवी एक वही, एक पेन्सिल आणि थोडा धीर.

आधी थंडीत काय घडते ते समजून घ्या. पेट्रोल द्रवरूपात जळत नाही. त्याची वाफ जळते. कार्बोरेटर हा भाग पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण तयार करतो. वजनाने पाहिले तर पेट्रोलच्या एका भागाला सुमारे पंधरा भाग हवा लागते. (हवा हा शब्द मराठीत आणि उर्दूत सारखाच आहे, तेवढी तरी सोय!) या मिश्रणात प्लगची ठिणगी पडते आणि स्फोट होतो. ठिणगी म्हणजे तुमच्या भाषेतली चिंगारी. इंजिन गार असले की पेट्रोलची वाफ नीट होत नाही. त्याचे थेंब गार नळीच्या भिंतींना चिकटून राहतात. इंजिनात हवा भरपूर जाते, पण पेट्रोलची वाफ कमी पोहोचते. ठिणगी पडते, पण जळायला पुरेसे काही नसते.

यावर उपाय म्हणून जुन्या गाड्यांना चोक दिलेला असतो. चोक ओढला की काही गाड्यांत हवेची वाट अरुंद होते, तर काही गाड्यांत पेट्रोलची जादा वाट उघडते. परिणाम एकच : मिश्रणात पेट्रोल वाढते. इंजिन थोडे गरम झाले की चोक बंद करायचा असतो. तो उघडाच राहिला, तर प्लगवर काजळी धरते आणि पेट्रोलही वाया जाते.

आता मजा पाहा. हाच चोक बिघाड शोधायला आपल्याला मदत करतो. पहाटे गाडी सुरू झाली, पण गुदमरत आहे, अशा वेळी अब्बांना चोक किंचित ओढायला सांगा. गाडी सुधारली, तर तिला पेट्रोल कमी पडत आहे. कार्बोरेटरमधील बारीक छिद्राच्या जेटमध्ये कचरा अडकला असेल, किंवा कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या रबराला चीर पडून जास्तीची हवा आत शिरत असेल. याउलट चोक ओढल्यावर गाडी आणखी बिघडली, काळा धूर आला, तर पेट्रोल आधीच जास्त होत आहे. मग एअर फिल्टर धुळीने भरला आहे का, ते पाहा. आपल्या रस्त्यांवर धूळ किती आहे, हे मी सांगायला नको. आणि काहीच फरक पडला नाही, तर चोकची तारच तुटली आहे का, ते तपासा. अर्ध्या मिनिटाचे हे काम. पण त्यातून जे कळते, ते तीन सुटे भाग बदलूनही कळत नाही.

दुसरा साक्षीदार म्हणजे प्लग. इंजिन गार असताना प्लगपान्याने तो काढावा. त्याचे टोक फिकट तपकिरी असेल, तर सर्व ठीक. काळी कोरडी काजळी असेल, तर पेट्रोल जास्त. टोक पांढरट असेल, तर हवा जास्त. ओला असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल, तर पेट्रोल पोहोचले आहे, पण पेटलेले नाही. ठिणगी कमजोर असेल, किंवा घाईघाईने किका मारून पेट्रोल तुंबले असेल. असा प्लग कोरड्या फडक्याने पुसून, थोडा वेळ थांबून पुन्हा लावला की पुष्कळदा काम होते. प्लगच्या दोन टोकांमधील अंतर एक मिलिमीटरहूनही कमी असते. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो. अंदाजाने ठोकू नये.

टाकीत पाणी गेले आहे का, हेही पाहावे लागते. अर्धी रिकामी टाकी रात्री गार झाली की आतल्या हवेतील दमटपणाचे, म्हणजे नमीचे, थेंब बनतात. पाणी पेट्रोलपेक्षा जड असल्याने तळाशी बसते. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते आणि इथेनॉल पाणी शोषून घेते. पाणी फार झाले, तर दोन्ही मिळून तळाशी वेगळा थर करतात. कार्बोरेटरच्या खालचा स्क्रू सैल करून थोडे पेट्रोल काचेच्या बाटलीत घेतले, तर तळाशी पाण्याचे थेंब दिसू शकतात. हे काम मोठ्या माणसानेच करावे, उघड्या जागेत करावे आणि जवळपास काडी किंवा विडी नसावी.

बॅटरी आणि ऑइल यांच्याविषयी थोडक्यात. थंडीत बॅटरीतील रासायनिक क्रिया मंदावते. बटण दाबल्यावर स्टार्टर रडतो, पण किकने गाडी सुरू होते, असे असेल तर संशय बॅटरीवर घ्या. ऑइलही थंडीत घट्ट होते. डब्यावर १० डब्ल्यू ३० किंवा २० डब्ल्यू ४० असे लिहिलेले असते. त्यातील डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान, तितके ते ऑइल थंडीत पातळ राहते. मात्र पुस्तिकेत सांगितले असेल तेच घालावे.

एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे नियम कडक झाले. तेव्हापासूनच्या बहुतेक नव्या मोटारसायकलींना कार्बोरेटर नाही आणि चोकही नाही. इंजिन किती गार आहे ते एक संवेदक मोजतो आणि त्याप्रमाणे पेट्रोल फवारले जाते. अशा गाडीची किल्ली फिरवून दोन सेकंद थांबावे, पंपाचा बारीक आवाज थांबू द्यावा, मग बटण दाबावे. सुरू झाल्यावरही इंजिनाचा दिवा विझला नाही, तर घरी खोलाखोली करू नये.

दोन गोष्टी मात्र कधीच विसरू नका. गाडी गरम करायची म्हणून बंद खोलीत किंवा बंद शटरमागे इंजिन चालू ठेवू नका. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. माणूस बेशुद्ध होतो आणि कोणाला कळतही नाही. दुसरे, अठरा वर्षे पूर्ण झाल्याशिवाय गिअरच्या मोटारसायकलीचा परवाना मिळत नाही. गाडी चालवून पाहण्याचे काम अब्बांचे, बघण्याचे आणि लिहिण्याचे तुमचे.

तर वहीत तीन पहाटांची नोंद करा : किती वाजले होते, किती किका लागल्या, चोक ओढल्यावर काय झाले, प्लगचा रंग कोणता होता, किती मिनिटांनी गाडी सुरळीत झाली. एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन बदलल्या, तर गुण कशाचा, ते कळणार नाही. चौथ्या दिवशी वहीचे ते पान उस्तादांपुढे ठेवा आणि शक्य असेल, तर गाडी रात्री गॅरेजातच ठेवून या. म्हणजे पहाटेची पहिली किक उस्ताद स्वतः मारतील.