चिलखताचे विणकाम

मुलांनो, सोलापूरच्या भुईकोट किल्ल्यात तुम्ही कधी ना कधी गेला असालच. बाहेर खंदक, मग दुहेरी तटबंदी आणि एका बाजूला सिद्धेश्वर तलावाचे पाणी. बहमनी काळातला हा किल्ला पुढे अहमदनगरची निजामशाही आणि विजापूरची आदिलशाही यांच्यात भांडणाचे कारण झाला. चांदबीबीचा विवाह अली आदिलशहाशी झाला, तेव्हा तिचे वडील हुसेन निजामशहा यांनी हा किल्लाच आंदण म्हणून दिला. आंदण म्हणजे तुम्ही ज्याला जहेज म्हणता ते.

पुढच्या वेळी किल्ल्यात जाल तेव्हा तटाजवळ उभे राहून एक प्रश्न स्वतःला विचारा. इथे पहारा करणारा शिपाई अंगात काय घालत असेल? त्याच्या अंगावरच्या लोखंडाचे वजन किती असेल? सोलापूरच्या वैशाखात, दुपारी बारा वाजता, त्याचे काय होत असेल? आपल्या पुस्तकांत राजांची नावे आणि सनावळ्या असतात. शिपायाच्या सदऱ्याविषयी मात्र फार थोडे लिहिलेले आढळते.

काही लोक या प्रश्नाचे उत्तर वेगळ्याच रीतीने शोधतात. ते जुन्या काळचा पोशाख स्वतः शिवतात, चिलखत स्वतः विणतात आणि बोथट हत्यारे घेऊन लढून पाहतात. जगात पुष्कळ ठिकाणी हा एक छंदच झाला आहे. १९६६ साली अमेरिकेत, कॅलिफोर्नियातील बर्कली गावी, काही मित्रांनी घराच्या अंगणात असा खेळ मांडला. त्यातून पुढे हजारो सभासदांची संस्था उभी राहिली. पोलंडमध्ये ग्रुनवाल्डजवळ १४१० साली मोठी लढाई झाली होती. तिथल्या मैदानावर दर वर्षी जुलै महिन्यात माणसे शिरस्त्राण आणि चिलखत चढवून ती लढाई पुन्हा उभी करतात. एरवी हे लोक कुठे नोकरी करत असतात, कुठे दुकान चालवत असतात.

आपल्याकडे असे काही नाही, असे समजू नका. दिवाळीत शेजारची मुले मातीचा किल्ला करतात, तो काय असतो? बाबासाहेब पुरंदरे यांचे ‘जाणता राजा’ हे नाटक १९८५ साली रंगमंचावर आले. त्यात शंभराहून अधिक कलाकार असत, आणि घोडे खरे असत. कोल्हापूरच्या तालमी आणि आखाडे तर मर्दानी खेळ आजही शिकवतात : लाठी, बोथाटी, विटा, दांडपट्टा. अनेक गावांत मोहरमच्या मिरवणुकीतही आखाड्याचे उस्ताद आणि त्यांचे शागीर्द लाठी फिरवताना तुम्ही पाहिले असतील.

आता जरा शब्दांकडे वळू. मराठी शिकताना तुम्हांला काही शब्द अवघड जातात, हे मला ठाऊक आहे. पण या पाठात तुमचे पारडे जड आहे. मराठीत ‘शिलेदार’ म्हणजे स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारे घेऊन चाकरीला येणारा स्वार. हा शब्द ‘सिलाहदार’ आहे. सिलाह म्हणजे हत्यार, हे तुम्हांला सांगायला नको. ज्याला घोडा सरकारातून मिळे, तो ‘बारगीर’. ‘जिरेटोप’ या शब्दातले ‘जिरे’ भाजीच्या फोडणीतले नव्हे, ते ‘जिरह’ आहे, म्हणजे लोखंडी कड्यांचे विणकाम. शिवाजी महाराजांच्या चित्रात दिसणाऱ्या टोपाला आज सर्रास जिरेटोप म्हणतात. पण शब्द मुळात लढाईच्या टोपाचा आहे. ‘पोलाद’ म्हणजे तुमचे फौलाद. बख्तर, निशाण, नौबत, खंजीर हे तर जसेच्या तसेच. उलट ढाल, तलवार आणि कटार हे शब्द इथल्या मातीतले. ते उर्दूत गेले आणि तिथे इतके रुळले की परके वाटत नाहीत. शिवाजी महाराजांनी ‘राज्यव्यवहारकोश’ तयार करवून घेतला. रोजच्या कारभारातल्या फारसी शब्दांना त्यात संस्कृत प्रतिशब्द दिले आहेत, आणि शस्त्रांच्या शब्दांचा एक स्वतंत्र वर्ग आहे. फौजेतल्या माणसांच्या तोंडी कोणते शब्द होते, हे त्यावरून आपोआप कळते.

शब्द झाले, आता वस्तू. चिलखत कसे विणतात ते करूनच पाहा. लोखंडी सामानाच्या दुकानातून दीड मिलिमीटर जाडीची तार आणा. आठ मिलिमीटर जाडीच्या सळईवर ती घट्ट गुंडाळा. झरीच्या सुताच्या कांडीसारखे एक लांब वेटोळे तयार होईल. ते सळईवरून काढून वायर कटरने एका बाजूने कापत गेले, की सुट्या कड्या पडतात. कापताना तुकडे उडतात, म्हणून डोळ्यांवर चष्मा हवा आणि मोठे माणूस जवळ हवे. आता दोन पकडी घ्या. एका कडीत चार कड्या ओवा आणि ती बंद करा. त्या चारांतल्या प्रत्येक कडीत पुन्हा शेजारच्या कड्या गुंतवा. प्रत्येक कडी चार कड्यांना धरून राहते, एवढाच काय तो नियम.

आमच्या शाळेतल्या नववीच्या मुलांनी हे केले. तळहाताएवढ्या तुकड्याला दीड-दोनशे कड्या लागल्या आणि दोन शनिवार गेले. बोटांना फोड आले ते वेगळेच. पूर्ण अंगरख्याला वीस हजारांच्या आसपास कड्या लागतात, असा हिशेब एका मुलाने फळ्यावर मांडला, तेव्हा वर्गात एकदम शांतता पसरली. आणि आपल्या कड्या नुसत्या जोडलेल्या होत्या. जुना कारागीर कडीची दोन्ही टोके ठोकून चपटी करी, त्यांना भोक पाडी आणि बारीक खिळ्याने ती जोडी. तसे केले नाही, तर भाल्याच्या टोकाने कडी उघडते. म्हणजे चिलखत घालणाऱ्या एका स्वाराच्या मागे तार ओढणारा, कड्या पाडणारा आणि विणणारा अशी कितीतरी माणसे महिनोन्महिने बसलेली असत. त्यांची नावे कुठल्याही तवारीखमध्ये नाहीत.

असे चिलखत दहा किलोच्या आसपास भरते. पाण्याने भरलेली मोठी कळशी आठवा. सगळे ओझे खांद्यांवर येते. म्हणून कमरेला पट्टा आवळतात, की निम्मा भार कमरेवर उतरतो. ही युक्ती पुस्तकात वाचून कळते, पण पटते ती अंगावर घेतल्यावरच. चिलखत तलवारीचा वार अडवते. गदेचा किंवा लाठीचा मार मात्र त्यातून आत पोचतो आणि हाड मोडू शकते. त्यासाठी आत जाड कापडाचा अंगरखा लागतो. काही चिलखतांत कड्यांच्या मधे पोलादी पत्रे बसवलेले असतात. छाती, पाठ आणि दोन्ही बगला झाकणाऱ्या चार पत्र्यांच्या बख्तराला ‘चार आईना’ म्हणत. घासून लखलखीत केलेल्या चार आरशांची कल्पना करा, म्हणजे नाव का पडले ते कळेल.

पण सगळ्यांना लोखंड कुठून परवडणार? साधा शिपाई कापडावर भागवी. सुती कापडाचे अनेक पदर एकावर एक ठेवून, मधे कापूस भरून, ते दाट टाक्यांनी शिवत. थोडक्यात, ही अंगात घालायची गोधडीच. तुमच्या दादीने किंवा नानीने शिवलेली गोधडी घरात असेल, तर हाताने दाबून पाहा. जुनी सोलापुरी चादर आठपदरी घडी करून तिच्यातून दाभण घालायचा प्रयत्न करा, आणि किती जोर लागतो ते पाहा. कापडाचे चिलखत हलके, स्वस्त, आणि उन्हात लोखंडासारखे तापत नाही. आपल्या गावात मोमीन आणि पद्मशाली विणकरांची घरे आहेत. कापडाच्या पदरात किती ताकद असते हे त्यांना कुणी शिकवायला नको. मला विचाराल तर सोलापूरच्या मुलांनी तारेच्या आधी हेच करून पाहावे.

हत्यारांपैकी दांडपट्ट्याविषयी थोडे सांगतो. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान दिला. त्याची मूठ म्हणजे कोपराजवळपर्यंत येणारा लोखंडी हातमोजा. आतला आडवा दांडा मुठीत धरतात. त्यामुळे मनगट वळत नाही, आणि पाते फिरवायचे ते खांद्यातून आणि कमरेतून. पाते लांब आणि लवचिक असते. नवशिक्याच्या हाती दिले तर आधी त्यालाच लागेल. म्हणून आखाड्यात आधी पायांची चाल शिकवतात, मग काठी, आणि पट्टा सर्वांत शेवटी. चांगला खेळाडू जमिनीवर ठेवलेले लिंबू पट्ट्याने बरोबर मधोमध कापतो. मराठीतला ‘पटाईत’ हा शब्द यातूनच आला. तुमच्या उर्दूत ‘पटेबाज’ आहे, त्याचा हा सख्खा भाऊ. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. घरी धारदार तलवार आणून खेळू नका. परवान्याशिवाय ती बाळगणे कायद्याने गुन्हा ठरू शकतो. छंद जोपासणारे लोकही बोथट हत्यारेच वापरतात.

आता ज्या कारणाने आम्ही या फंदात पडलो, ते सांगतो. एका वर्षी स्नेहसंमेलनासाठी ऐतिहासिक नाटक बसवायचे ठरले. पोशाख भाड्याने आणले. दुकानदाराने दोन गठ्ठे बांधून दिले. एकात भगवे फेटे आणि बाराबंद्या. दुसऱ्यात हिरवे झगे, काळ्या दाढ्या आणि डोळ्यांत घालायला भरपूर काजळ. आठवीतला एक मुलगा दाढी हातात घेऊन बराच वेळ उभा राहिला. मग म्हणाला, “सर, हिरव्या गठ्ठ्यातली माणसे सगळी एकसारखीच का दिसतात?”

प्रश्न पोशाखाचा होता, म्हणून उत्तरही पोशाखातच शोधायचे ठरवले. सतराव्या शतकातल्या दख्खनच्या फौजांना एकसारखा गणवेश नव्हता. तो पुढच्या शतकात कवायती पलटणींबरोबर आला. अंगरखा किंवा जामा, सुरवार, कमरबंद, डोक्याला पागोटे, आणि ऐपत असेल तर चिलखत : विजापूरचा स्वार काय किंवा महाराजांचा शिलेदार काय, दोघांचा थाट फारसा वेगळा नव्हता. असणार तरी कसा? शहाजीराजांनी निजामशाहीत आणि आदिलशाहीत सरदारकी केली. मुधोळचे घोरपडे आदिलशाहीचे चाकर होते. १६५९ साली प्रतापगडच्या पायथ्याशी अफजलखानाबरोबर अनेक मराठे सरदार आले होते, आणि महाराजांच्या दहा निवडक अंगरक्षकांत सिद्दी इब्राहिम होता. महाराजांच्या आरमारात दौलतखान होता. त्या भेटीच्या दिवशी महाराजांनी अंगरख्याच्या आत चिलखत घातले होते. ते विणणारा हिंदू होता की मुसलमान, हे चिलखताच्या कडीवरून ओळखता येत नाही. रणात आपले कोण आणि परके कोण, हे ओळखायला निशाण असे, नौबतीचा आवाज असे आणि घोषणा असे.

एक बारीक खूण मात्र खरोखरच होती, आणि ती मोठी गमतीची आहे. मुघल दरबारची चित्रे भिंगाखाली पाहा. जामा सर्वांचा एकच. पण मुसलमान त्याचे बंद उजव्या बगलेत बांधतात आणि हिंदू डाव्या बगलेत. एवढाच फरक, चार बोटे लांबीच्या एका नाडीच्या गाठीचा.

शेवटी आम्ही दोन्ही गठ्ठे उघडून कपडे मिसळले. दाढ्या दुकानदाराला परत केल्या. तारेच्या विणकामाचे दोनच तुकडे तयार होते. एक आदिलशाही स्वाराच्या छातीवर बांधला, दुसरा मराठी स्वाराच्या. बाकीच्यांना गोधडीचे अंगरखे. ज्याने प्रश्न विचारला होता, त्याने सिद्दी इब्राहिमचे काम मागून घेतले. फक्त निशाणे दोन वेगवेगळी शिवली. एक अडचण आली खरी. झुंज ऐन रंगात आली, तेव्हा कोण कुणाच्या बाजूचा, हे पहिल्या रांगेतल्या पालकांना कळेना, आणि एका अम्मीने आपल्या मुलाला हाक मारून विचारले, “अरे, तू किधर का है?” मुलाने हाताने निशाण दाखवले आणि तो पुन्हा लढू लागला.

तुम्हांला जुन्या वस्तू प्रत्यक्ष पाहायच्या असतील, तर विजापूर येथून शंभर किलोमीटरवर आहे. गोलघुमटाच्या आवारात वस्तुसंग्रहालय आहे. पुण्याला राजा दिनकर केळकर संग्रहालय आणि मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे. मुंबईच्या संग्रहालयात अकबर बादशहाचे बख्तर आणि ढाल आहे. जाताना वही-पेन्सिल न्या. कॅलेंडरवरच्या चित्रांवरून पोशाख उतरवू नका. ती चित्रे आपल्याच काळातल्या चित्रकारांच्या कल्पनेतली असतात. काचेच्या पेटीजवळ गेलात, की आधी कड्या मोजा, मग कडीची टोके खिळ्याने जोडलेली आहेत का ते पाहा. आणि जुने चित्र दिसले, तर बंद कोणत्या बगलेत आहे ते.

स्वाध्याय

१. चिलखताच्या आत जाड कापडाचा अंगरखा का घालावा लागे?
२. शिलेदार आणि बारगीर यांच्यातील फरक सांगा.
३. या पाठात आलेले, पण उर्दूतही असलेले दहा शब्द लिहा. मराठीत त्यांचा उच्चार कोठे बदलला आहे?
४. तुमच्या घरातील गोधडी किती पदरांची आहे, ती कोणी शिवली आणि किती दिवस लागले, हे घरी विचारून आठ-दहा ओळी लिहा.