ताडोबाच्या अरण्यात

चैत्राची पहाट होती. चंद्रपूर जिल्ह्यातील मोहर्लीच्या नाक्याकडे एक उघडी जीप निघाली होती. तीत नागपूरचे एक कुटुंब बसले होते: आईवडील, बारा वर्षांचा मुलगा आणि त्याची धाकटी बहीण. चालकाच्या शेजारी गावातलाच वाटाड्या होता. गावाबाहेर टोपल्या घेतलेल्या काही बायका मोहाची फुले वेचावयास निघालेल्या दिसल्या. वाटाड्याने बोटांवर काहीतरी मोजले. मुलीने ते पाहिले. पण ती काही बोलली नाही.

नाक्यावर नावे तपासली गेली आणि जीप आत शिरली.

"काका, वाघ केव्हा दिसेल?" मुलाने विचारले.

"ते मला ठाऊक नाही. अगोदर रान बघा," वाटाड्या म्हणाला.

आणि रान खरोखर पाहण्यासारखे होते! साग निष्पर्ण उभे होते. त्यांच्यामधून बांबूची बेटे दाटली होती. एका वळणावर रानगवा दिसला. काळाभोर, धिप्पाड आणि गुडघ्यापर्यंत जणू पांढरे मोजे घातलेला! त्याने जीपकडे एकदा पाहिले आणि तो पुन्हा चरू लागला.

ताडोबाला १९५५ साली राष्ट्रीय उद्यान घोषित करण्यात आले. महाराष्ट्रातील हे सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान होय. पुढे अंधारी नदीच्या परिसरातील अभयारण्य त्याला जोडून १९९५ साली व्याघ्रप्रकल्प स्थापन झाला. नाव मात्र त्याहून कितीतरी जुने आहे. तारू नावाचा एक गावप्रमुख वाघाशी झुंजताना मरण पावला आणि लोकांनी त्याला देव मानले, अशी कथा या भागात सांगतात. तळ्याच्या काठी मोठ्या वृक्षाखाली त्याचे ठाणे आहे. पौषात तेथे गोंड बांधवांची जत्रा भरत असे. त्याच तळ्यात मगरीही आहेत. त्या दिवशी एक मगर काठावर ओंडक्यासारखी पडली होती, आणि मुलाने तिला ओंडकाच समजले!

वाटेत वाटाड्याने जीप थांबवून धुळीतला ठसा दाखविला. "हा वाघाचा. कुत्र्याच्या ठशात नखे उमटतात. वाघ चालताना नखे आत ओढून घेतो, म्हणून येथे ती नाहीत. नराचा ठसा चौकोनी असतो, मादीचा लांबट. ही वाघीण आहे."

इतक्यात डाव्या हाताला एक चितळ तीक्ष्ण आवाजात ओरडले. झाडावरच्या वानराने खाकरून साथ दिली. चालकाने इंजिन बंद केले. चितळ कधी उगाचही घाबरते. पण थोड्या वेळाने सांबराने 'पोंक' अशी साद घातली, तेव्हा वाटाड्या सावरून बसला. सांबर सहसा खोटे बोलत नाही. सगळ्यांनी श्वास रोखले. बांबूच्या आड पिवळे काहीतरी हलले, एक काळा पट्टा दिसला न दिसला, आणि बेट पुन्हा स्तब्ध झाले.

"एवढेच?" मुलगा हिरमुसला.

"मला तिची शेपटीसुद्धा दिसली!" बहीण म्हणाली. ते खरे होते की नाही, कोणास ठाऊक.

परतताना आईने विचारले, "भाऊ, तुम्हांला वाघाची भीती वाटत नाही?"

"जीपमध्ये नाही वाटत," तो म्हणाला. "मोहाखाली वाटते. फुले वेचणारे माणूस वाकलेले असते. वाकलेले माणूस वाघाला माणूस वाटत नाही. एखादे जनावर वाटते. आमच्या शेजारची एक बाई अशीच गेली. म्हणून बायका आता एकट्या जात नाहीत. मोठमोठ्याने बोलत वेचतात."

"मग तुम्हांला वाघाचा राग येत नाही?" मुलाने विचारले.

वाटाड्या बराच वेळ गप्प राहिला. "त्या दिवशी फार आला होता," तो म्हणाला. "पण वाघ पाहायला लोक येतात, म्हणून माझ्या घरी चूल पेटते. माझी आईसुद्धा आज मोह वेचायला गेली आहे."

नाका मागे पडला. गावाजवळ टोपल्या डोक्यावर घेऊन बायका परतत होत्या. मोहाचा गोड, उग्र वास जीपपर्यंत आला. वाटाड्याने जीप थांबवावयास सांगितली आणि तो पुन्हा बोटांवर मोजू लागला. या वेळी मुलीनेही त्याच्याबरोबर मोजले.

पहाटे नऊजणी गेल्या होत्या. आठ दिसत होत्या. मग वळणावरून पायातला काटा काढत मागे राहिलेली एक म्हातारी हळूहळू येताना दिसली, आणि वाटाड्या तिच्या डोक्यावरची टोपली घेण्यासाठी जीपमधून उतरला.