विरजण न लागणारे दूध

दूध ताजे असते, विरजणही चांगले असते, तरी एखाद्या दिवशी दही लागत नाही. गृहिणी विरजणाला दोष देते. कारण मात्र कधीकधी गोठ्यात असते. कासदाह झालेल्या गायीच्या सडात पेनिसिलिनसारखे प्रतिजैविक भरलेले असते. त्याचा अंश दुधात उतरतो व दही लावणाऱ्या उपकारक जंतूंनाच मारतो. उकळल्याने हा दोष जातो, ही समजूत बरोबर नाही. औषधाचा बराचसा अंश उकळीनंतरही टिकतो.

हानी दह्यापुरती नाही. औषधाच्या अल्प मात्रेने दुर्बल जंतू मरतात, चिवट उरतात व वाढतात. शिवाय औषधाला न जुमानण्याचा गुण एका जातीचा जंतू दुसऱ्या जातीच्या जंतूलाही देऊ शकतो. इतर औषधे निकामी ठरल्यावर गंभीर रुग्णांना द्यावयाचे कोलिस्टिन हे औषध चीनमध्ये जनावरांच्या खाद्यातून दिले जात असे. त्यास दाद न देण्याचा, जंतूजंतूंत पसरणारा गुण तेथे डुकरांत, बाजारातील मांसात व रुग्णांतही आढळल्याचे २०१५ साली प्रसिद्ध झाले. भारत सरकारने जुलै २०१९ मध्ये अन्नोत्पादक जनावरे, कोंबड्या व मत्स्यपालन यांसाठी कोलिस्टिनच्या उत्पादनास व विक्रीस मनाई केली.

माणसाच्या पोटात दुधावाटे जाणारा औषधाचा अंश बहुधा अत्यल्प असतो. चिवट जंतू पोसले जातात ते मुख्यतः गोठ्यात व कोंबड्यांच्या शेडमध्ये. म्हणूनच विकता न येणारे औषधयुक्त दूध वासराला पाजण्याची रीत, काटकसरीची वाटली तरी, घातक आहे. अशा वासरांच्या शेणात औषधाला न जुमानणारे जंतू अधिक सापडतात, आणि तेच शेण पुढे भाजीच्या वाफ्यात जाते.

औषधानंतर किती दिवस दूध वापरू नये, हे वेष्टनावर पाहावे. २०१२ च्या नियमानुसार, असा काळ ठरलेला नसल्यास दूध व अंडी यांसाठी किमान ७ दिवस आणि मांसासाठी २८ दिवस धरावयाचे असतात. औषध एकाच सडात भरले असले तरी चारही सडांचे दूध वेगळे ठेवावे.

दोन गायींवर चालणाऱ्या संसारास आठवड्याचे दूध टाकणे जड जाते, हे खरेच. त्यासाठी रोग लवकर ओळखावा. पहिल्या दोन-चार धारा काळ्या फडक्यावर घेतल्यास गुठळ्या तत्काळ दिसतात. धार काढल्यावर पुढे वैरण टाकली की जनावर अर्धा तास उभे राहते. तेवढ्यात सडांची तोंडे मिटू लागतात व जमिनीवरील घाण आत सहजी शिरत नाही.