प्रोसेसर घेण्याआधी माझं जरा ऐक

अगं, तू पाठवलेली दोन्ही कोटेशनं सावकाश वाचली. एकात डेस्कटॉपचा रायझन ९ ९९५०एक्स, दुसऱ्यात वर्कस्टेशनचा थ्रेडरिपर ७९८०एक्स. आणि खाली तुझा प्रश्न: "ताई, दुकानदार म्हणतो इंजिनिअरिंगचं काम आहे तर वर्कस्टेशनच घ्या, नाहीतर पुढे पस्तावाल. घेऊन टाकू का?"

नको गं, इतक्यात नको. आज तुझ्याकडे जे काम आहे, त्याला डेस्कटॉपचा प्रोसेसर पुरेल एवढंच नाही, तो ते काम जास्त वेगाने करेल. महाग वस्तू तुझ्या कामात मागे पडेल हे ऐकायला विचित्र वाटतं ना? म्हणून नीट समजावून सांगते. उद्या दुसऱ्या दुकानात कोणी असंच घाबरवलं, तर तुला स्वतःला उत्तर देता आलं पाहिजे.

आधी तुझं काम बघू. बोईसरच्या एमआयडीसीतल्या फॅब्रिकेशनवाल्यांकडून तुझ्याकडे येतं ते रिअॅक्टरचं, हीट एक्स्चेंजरचं, साठवण टाकीचं मॉडेल, त्याची शॉप ड्रॉइंग, आणि अधूनमधून पाइपिंगचा लेआउट. म्हणजे दिवसभर सॉलिडवर्क्स आणि ऑटोकॅड. या कामाची एक खोड आहे. पार्टीने फोन करून शेलचा व्यास बदलायला सांगितला, की आधी शेल नव्याने तयार होतो, मग त्यावरचं जॅकेट, मग नोझल, मग नोझलचा फ्लँज, मग फ्लँजचे बोल्ट. मागची पायरी झाल्याशिवाय पुढची सुरूच होत नाही. त्यामुळे हे काम बहुतांशी एकाच कोअरच्या गळ्यात पडतं. बाकीचे कोअर हात बांधून उभे असतात.

खोटं वाटत असेल तर डोळ्यांनी बघ. टास्क मॅनेजर उघड, परफॉर्मन्समध्ये जा, सीपीयूच्या आलेखावर उजवी क्लिक करून प्रत्येक कोअरच्या प्रत्येक थ्रेडची वेगळी चौकट दिसेल असं कर. मग तुझी मोठी असेंब्ली रिबिल्डला लाव. एका चौकटीतली रेघ छताला टेकेल, कधी ती उडी मारून शेजारच्या चौकटीत जाईल, पण बाकीच्या चौकटी जवळजवळ सपाट राहतील. ९९५०एक्समध्ये १६ कोअर आणि ३२ थ्रेड आहेत. त्यातला एक थ्रेड पूर्ण राबत असला, तर एकूण वापर दिसतो साधारण ३ टक्के. तेच काम ७९८०एक्सवर लावलंस, तर तिथे ६४ कोअर, १२८ थ्रेड. एकूण वापर १ टक्क्याच्याही खाली! म्हणजे उरलेल्या ९९ टक्क्यांचे पैसे तू भरणार, हप्ता तू फेडणार आणि ते नुसते बसून राहणार.

आता राहिला त्या एका राबणाऱ्या कोअरचा वेग. ९९५०एक्स जोर लावला की ५.७ गिगाहर्ट्झपर्यंत जातो. ७९८०एक्स ५.१ पर्यंत. शिवाय पहिला ऑगस्ट २०२४चा, नव्या घडणीचा. दुसरा नोव्हेंबर २०२३चा, आधीच्या पिढीचा. इंटेलकडे गेलीस तरी चित्र तेच. कोअर आय९ १४९००के ६ गिगाहर्ट्झला पोचतो, तर ५६ कोअरचा झिऑन डब्ल्यू९-३४९५एक्स ४.८ला थांबतो. यात कंपनीची लबाडी नाही. एका चिपवर इतके कोअर बसवले की वीज आणि उष्णता सगळ्यांत वाटून घ्यावी लागते, म्हणून प्रत्येकाचा वेग आवरता घेतात.

किंमतही बघ. ९९५०एक्स बाजारात आला तेव्हा जाहीर किंमत ६४९ डॉलर होती, म्हणजे कोअरमागे साधारण ४० डॉलर. ७९८०एक्सची ४,९९९ डॉलर, कोअरमागे ७८. त्याच घराण्यातला थोरला थ्रेडरिपर प्रो ७९९५डब्ल्यूएक्स, ९६ कोअरचा, ९,९९९ डॉलर, कोअरमागे १०४. घाऊक घेतलं की स्वस्त पडतं हा आपला बाजारातला अनुभव इथे उलटा चालतो. ७९८०एक्स एकटाच, कर धरायच्या आधीच, चार लाखांच्या वर जातो. त्यावर वेगळा मदरबोर्ड, वेगळी रजिस्टर्ड मेमरी, ३५० वॅट झेपेल असं कूलिंग आणि १८ टक्के जीएसटी. तू मुद्रा योजनेच्या किशोर गटातून कर्ज काढायचं म्हणतेस, तिथली मर्यादा ५ लाख. हे यंत्र घेतलंस तर तुला तरुण गटात जावं लागेल. धंद्याच्या पहिल्याच वर्षी तो हप्ता कशाला गळ्यात बांधून घेतेस?

पण वर्कस्टेशन प्रोसेसर म्हणजे फुकटचा थाट असं मी मुळीच म्हणणार नाही. त्याची जागा आहे, आणि ती जागा कोणती हे आपल्या शेजारच्या माणसांनीच दाखवून दिलंय. तारापूरला ज्यांचे विभाग आहेत त्या भाभा अणुसंशोधन केंद्राने तुर्भ्याला १९९१मध्ये 'अनुपम' नावाचा समांतर संगणक उभा केला. पुण्यात सी-डॅकने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली 'परम ८०००' बांधला, तोही १९९१मध्येच. दोन्ही ठिकाणी एकच महाबलाढ्य प्रोसेसर शोधत न बसता अनेक छोटे प्रोसेसर एकत्र कामाला लावले. हे जमलं कारण त्यांची गणितं वाटून देता येण्याजोगी होती. हवामानाचा अंदाज, हवेचा किंवा द्रवाचा प्रवाह अशी कामं तुकडे पाडून सोडवता येतात. पुढे अनुपमची एक पिढी तर घराघरांत असायच्या त्या पेंटियम प्रोसेसरवर बांधली होती. त्या माणसांनी आधी कामाचा स्वभाव पाहिला आणि मग यंत्र निवडलं.

काम वाटता येत नसेल तर काय होतं, हे जीन अॅमडाल या संगणकतज्ज्ञाने १९६७मध्येच मांडलं होतं. निम्मं काम एकामागून एकच करायचं असेल, तर तू कितीही कोअर आण, एकूण वेळ निम्म्याच्या खाली येणार नाही.

मग वर्कस्टेशन कधी घ्यायचं? उद्या तुझ्याकडे रिअॅक्टरच्या आत अॅजिटेटरभोवती द्रव कसा फिरतो याचं सीएफडी आलं, एखाद्या जुन्या प्लांटचं लेझर स्कॅन करून कोट्यवधी बिंदूंचा ढग हाताळायचा झाला, किंवा रात्रभर रेंडर चालवायचं झालं, तर सगळे कोअर खरोखर राबतात. डेस्कटॉप प्रोसेसरला मेमरीच्या दोनच वाटा असतात, साध्या थ्रेडरिपरला चार, थ्रेडरिपर प्रोला आठ. सीएफडीत आकडे मेमरीतून सतत ये-जा करतात, तिथे या वाटांना फार महत्त्व. मात्र इथेही हिशेब कर. डीडीआर५-५६०० मेमरीवर ९९५०एक्सला सेकंदाला जवळपास ९० जीबी मिळतात, कोअरमागे साडेपाच. ७९८०एक्सला, त्याच्या जरा संथ मेमरीवर, चार वाटांनी १६६ जीबी मिळतात, पण खाणारी तोंडं ६४, म्हणून कोअरमागे जेमतेम अडीच. म्हणजे तुझ्या कोटेशनमधला प्रोसेसर सीएफडीसाठीसुद्धा अडनिडा आहे. त्या कामाला २४ कोअरचा ७९६०एक्स परवडतो, नाहीतर सरळ प्रो घ्यावा.

सॉफ्टवेअरचा परवानाही विसरू नकोस. अॅन्सिससारख्या पॅकेजच्या मूळ परवान्यात चारच कोअर वापरायला मिळतात. त्यापुढच्या कोअरसाठी वेगळे पैसे मोजावे लागतात. यंत्रात ६४ आणि परवान्यात ४ असं झालं, तर कोणाला सांगणार?

वर्कस्टेशनची एक गोष्ट मला मनापासून आवडते, ती म्हणजे ईसीसी मेमरी. मेमरीतला एखादा बिट आपोआप उलटला तर ती तो ओळखते आणि दुरुस्त करते. दोन उलटले तर निदान बोंब मारते. प्रेशर व्हेसलची ताणांची गणितं रात्रभर चालवणाऱ्याला हा मोठा दिलासा आहे. साध्या डीडीआर५ची जी अंतर्गत दुरुस्ती असते ती चिपच्या आतपुरतीच, चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर तिचा पहारा नसतो. पण यासाठीही थेट थ्रेडरिपरपर्यंत जायला नको. डब्ल्यू६८० चिपसेटचा बोर्ड घेतलास तर कोअर आय७, आय९सुद्धा ईसीसी मेमरी चालवतात, आणि रायझनलाही काही बोर्डांवर ती चालते. विचारताना "ईसीसी लागते का" असं विचारू नकोस, "ईसीसी दुरुस्ती चालू असते का" असं विचार आणि लेखी घे.

डहाणू लोकल पकडून ग्रँट रोडला उतरशील, लॅमिंग्टन रोडवर फिरशील, तेव्हा आणखी एक आमिष दिसेल. जुनं ब्रँडेड वर्कस्टेशन, आत दोन झिऑन, "मॅडम, २८ कोअर, इतक्या कमी पैशांत!" ते बहुधा २०१६चे ई५-२६८० व्ही४ असतात. प्रत्येकी १४ कोअर खरे, पण वेग ३.३ गिगाहर्ट्झच्या वर जात नाही. आजचा साधा कोअर आय५ मॉडेलिंगमध्ये त्यांना सहज मागे टाकतो. शिवाय विंडोज ११ त्या पिढीला अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १०चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. पार्टीची ड्रॉइंग गोपनीय असतात, ती अशा यंत्रावर ठेवू नकोस. आणि इंटेलचा तेराव्या-चौदाव्या पिढीचा वापरलेला आय९ कोणी स्वस्तात देऊ केला, तरी जपून. त्या पिढ्यांत जास्त व्होल्टेजमुळे प्रोसेसर कायमचे बिघडत होते. २०२४मध्ये इंटेलने त्यावर मायक्रोकोड दिला आणि वॉरंटी दोन वर्षं वाढवली, पण आधीच झिजलेला प्रोसेसर त्या अपडेटने बरा होत नाही.

वाचलेल्या पैशांचं काय करशील तेही सांगते. मेमरी ९६ जीबी घे, पण ४८च्या दोन पट्ट्या. डेस्कटॉपवर चार पट्ट्या लावल्या की मेमरीचा वेग उतरतो. सॉलिडवर्क्ससाठी प्रमाणित असलेलं ग्राफिक्स कार्ड घे. चांगला ऑनलाइन यूपीएस घे, कारण एमआयडीसीतली मोठी मोटर सुरू झाली की दिवे कसे लुकलुकतात ते तू रोज बघतेस. बॅकअपसाठी वेगळी डिस्क ठेव. आणि कॅबिनेट खिडकीजवळ ठेवू नकोस. एकीकडून समुद्राची खारी हवा, दुसरीकडून कारखान्यांचे वायू. गंधकाचे वायू तांब्या-चांदीला हळूहळू खातात, आणि बोर्डावर दोन्ही असतात. खोली बंद, एसी चालू, फिल्टर महिन्याला साफ. बोईसरमध्ये ही काळजी महागड्या प्रोसेसरपेक्षा तुझ्या यंत्राचं आयुष्य जास्त वाढवेल.

वाढवणचं बंदर येतंय, बुलेट ट्रेनचं बोईसर स्थानक येतंय, काम वाढेलच. वाढू दे. जेव्हा सीएफडीची किंवा स्कॅनची कामं नेमाने येऊ लागतील आणि त्यांच्या बिलांतून यंत्राचा हप्ता सुटेल, तेव्हा वर्कस्टेशन घे; तेव्हा मी स्वतः तुझ्याबरोबर येईन. तोवर हा डेस्कटॉप मॉडेलिंगला राहीलच, वाया जाणार नाही.

आता एवढंच कर. पुढचा आठवडाभर काम करताना टास्क मॅनेजर शेजारी उघडा ठेव. किती कोअर राबतात, मेमरी जास्तीत जास्त किती भरते आणि तू दिवसात किती वेळ नुसती वाट बघत बसतेस, एवढं वहीत लिही आणि मला पाठव. ते आकडे हातात आल्याशिवाय कोणालाही अॅडव्हान्स देऊ नकोस.