मुळांनाही हवा हवी!

'मी रोज दोन वेळा पाणी घातले, तरी रोप मेले!' नव्याने बागकाम करणाऱ्या बालमित्रांची ही नेहमीची तक्रार. पुष्कळदा रोज दोन वेळा पाणी घातले म्हणूनच ते रोप मेलेले असते. कसे ते पाहू.

मुळे जिवंत असतात. त्यांनाही श्वसनासाठी प्राणवायू लागतो. तो त्यांना मातीच्या कणांमधल्या बारीक पोकळ्यांतून मिळतो. चांगल्या मातीचा सुमारे निम्मा भाग अशा पोकळ्यांचा असतो. त्यांत काही ठिकाणी पाणी आणि काही ठिकाणी हवा असावी लागते. कुंडीत पाणी साचले की सगळ्या पोकळ्या पाण्याने भरतात. हवेतल्यापेक्षा पाण्यात प्राणवायू सुमारे १०,००० पट सावकाश पसरतो. त्यामुळे मुळे गुदमरतात, कुजतात. त्यांना पाणी शोषता येत नाही आणि ओल्या मातीतही रोप माना टाकते. ते पाहून आपण आणखी पाणी ओततो!

करून पाहा

साहित्य : एकाच आकाराचे दोन रिकामे पत्र्याचे डबे, दोन भाग माती, एक भाग वाळू, एक भाग कुजलेले शेणखत, मेथीचे ४० दाणे.

कृती : 'अ' डब्याच्या बुडाला खिळ्याने ५-६ भोके पाडा (मोठ्या माणसांची मदत घ्या). भोकांवर खापराचे तुकडे ठेवा. 'ब' डब्याला भोके पाडू नका. माती, वाळू व खत मिसळून दोन्ही डबे भरा. रात्रभर भिजवलेले २० दाणे प्रत्येक डब्यात एक सेंटीमीटर खोल पेरा. डबे उन्हात, पण पावसापासून दूर, शेजारी-शेजारी ठेवा. अंकुर वर येईपर्यंत माती फक्त ओलसर ठेवा. नंतर रोज दोन्ही डब्यांना पेल्याने मोजून सारखेच पाणी द्या. 'अ'च्या भोकांतून ते ठिबकू लागेल इतके.

निरीक्षण : रोपांची संख्या, उंची आणि पानांचा रंग तारीखवार वहीत लिहा. तीन आठवड्यांनी प्रत्येक डब्यातले एक रोप हलकेच उपटा. निरोगी मुळे पांढरी असतात. कुजलेली तपकिरी, मऊ आणि घाण वासाची. माती, बी, ऊन, पाणी सारखेच होते. मग फरक कशाने पडला?

भात मात्र चिखलात उभा राहतो. कारण त्याच्या खोडात व मुळांत हवेच्या पोकळ्या असतात. त्यांतून हवा थेट खाली पोहोचते. कोकणातील खाड्यांत तिवराची मुळे तर चिखलातून वर डोके काढून हवा घेतात. मेथी, टोमॅटो, झेंडू यांना अशी सोय नाही. ती आपणच करायची.

म्हणून कुंडीला भोक असलेच पाहिजे. पाणी घालण्यापूर्वी बोटाचे एक पेर मातीत खुपसा. माती कोरडी लागली तरच पाणी घाला.

विचार करा : भाजलेल्या मातीच्या कुंडीतली ओल प्लॅस्टिकच्या कुंडीतल्यापेक्षा लवकर का सुकते?