टायटॅनिकमधून वाचलेली नायिका

मित्रांनो, टायटॅनिक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतात ते जॅक आणि रोझ. पण ती दोघं काल्पनिक. त्या जहाजावर एक खरीखुरी सिनेमातली नायिकाही होती, आणि तिची गोष्ट आपल्यासारख्या इंजिनिअरिंगवाल्यांनी तर नक्कीच वाचायला हवी.

तिचं नाव डोरोथी गिब्सन. जन्म १८८९ चा, अमेरिकेतल्या होबोकेन गावचा. चित्रकार हॅरिसन फिशर यांची ती आवडती मॉडेल. पुढे एक्लेअर कंपनीच्या मूकपटांत ती नायिका झाली. १९१२ मध्ये आईबरोबर युरोपात सुट्टी घालवून परतताना दोघी फ्रान्सच्या शेरबूर्ग बंदरात टायटॅनिकवर चढल्या.

१४ एप्रिलची रात्र. डोरोथी पत्ते खेळून नुकतीच उठली होती. ११.४० ला जहाज हिमनगावर घासलं. साधारण तासाभराने पहिली लाइफबोट खाली सोडली, नंबर ७. त्यात मायलेकी होत्या. बोटीची क्षमता ६५ माणसांची, आणि बसली होती जेमतेम २८ च्या आसपास! वर दिवे लखलखत होते, जहाज बुडेल यावर कुणाचा विश्वासच नव्हता. मग काळोखात, एवढ्याशा होडीत उतरणार कोण? त्यात होडीच्या तळातून पाणी आत येऊ लागलं. शेवटी अंगावरचे कपडे कोंबून ते भोक बंद केलं, असं डोरोथीनेच नंतर सांगितलं.

आता थोडा हिशोब करू. जहाजावर माणसं सुमारे २२००. लाइफबोटी २०, त्यांची एकूण क्षमता ११७८. म्हणजे सगळ्या बोटी गच्च भरल्या असत्या तरी हजारभर माणसं उरलीच असती. प्रत्यक्षात वाचली सुमारे ७०० च. गंमत म्हणजे यात कुठलाही नियम मोडलेला नव्हता. ब्रिटिश नियमांतला सगळ्यात वरचा गट होता '१० हजार टन आणि त्यापुढे', त्याला १६ बोटी पुरेशा. टायटॅनिक ४६ हजार टनांचं! जहाजं वाढत गेली, नियम तिथेच राहिला.

परत आल्यावर महिन्याभरातच, मे १९१२ मध्ये, डोरोथीचा 'सेव्हड फ्रॉम द टायटॅनिक' हा मूकपट पडद्यावर आला. कथेत तिचा हात होता, भूमिका स्वतःचीच, आणि अंगावर त्या रात्रीचेच कपडे! पण हा सिनेमा आज आपण पाहू शकत नाही. १९१४ मध्ये एक्लेअरच्या फोर्ट ली इथल्या स्टुडिओला आग लागली आणि तो नष्ट झाला. तेव्हाची फिल्म सेल्युलोज नायट्रेटची. या पदार्थात ऑक्सिजन स्वतःचाच असतो, त्यामुळे एकदा पेटला की पाण्याखालीसुद्धा जळत राहतो. हे फार लांबचं नाही बरं का. २००३ मध्ये आपल्या पुण्यातही नायट्रेट फिल्म्सच्या साठ्याला आग लागून कित्येक जुने भारतीय चित्रपट गेले.

डोरोथीने त्याच वर्षी सिनेमा सोडला. पुढे ती युरोपात राहायला गेली. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ मध्ये, मिलानच्या सान व्हित्तोरे तुरुंगात तिला डांबलं, तिथूनही ती निसटली. १९४६ मध्ये पॅरिसला हृदयविकाराने तिचं निधन झालं. वय अवघं ५६.

समुद्रातून वाचली, तुरुंगातून वाचली, पण तिचा सिनेमा मात्र वाचला नाही. मित्रांनो, उद्या आपणही डिझाईन करू, कोडबुक उघडून 'नियमात बसतंय' म्हणून सही करू. त्या वेळी एक प्रश्न स्वतःला जरूर विचारा. हा नियम ज्यांनी लिहिला, त्यांच्यासमोर माझ्याएवढं मोठं जहाज होतं का?