वेदनाशमन : पात्रता, औषधचिठ्ठी आणि कायदा

खरिपाची काढणी संपत आली, की नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील लहानमोठ्या दवाखान्यांच्या ओट्यावर कंबर, पाठ आणि गुडघे धरून बसलेली माणसे दिसू लागतात. सोयाबीनची कापणी, कापसाची वेचणी आणि त्यामागोमाग येणारी ऊसतोड ही सारी वाकून करावयाची कामे आहेत. रोजंदारीवर जगणाऱ्याला दुखणे घेऊन घरी बसणे परवडत नाही. त्याला ताबडतोब उतार हवा असतो, आणि सुई टोचली की उतार पडतो, असा त्याचा अनुभव असतो. २००६ मध्ये महाराष्ट्रात चिकुनगुन्याची मोठी साथ आली, तेव्हा सांधे महिनोन्‌महिने दुखत राहिले आणि सुईवरील हा विश्वास अधिकच दृढ झाला.

परंतु सुई टोचणारा कोण आहे, त्याने कोणते औषध टोचले आणि त्याची लेखी नोंद कोठे आहे, हे प्रश्न क्वचितच विचारले जातात. वेदनाशमनाच्या क्षेत्रातील कायद्याचा सारा भर नेमक्या याच तीन प्रश्नांवर आहे.

उतार पडतो, पण मूळ दुखणे राहते

डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामके योग्य मात्रेत आणि थोडे दिवस घेतल्यास उपयुक्त असतात. तीच वारंवार घेतली गेली, तर जठरात व्रण होऊन रक्तस्राव होऊ शकतो, रक्तदाब वाढतो आणि मूत्रपिंडावर ताण येतो. उन्हात राबून शरीरातील पाणी कमी झालेल्या माणसाच्या बाबतीत मूत्रपिंडाचा धोका अधिक असतो. डेक्सामेथासोनसारखी स्टेरॉइड औषधे सूज झपाट्याने उतरवितात, म्हणून त्यांचा गुण तात्काळ दिसतो. मात्र ती दीर्घकाळ चालू राहिल्यास रक्तातील साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, रोगप्रतिकारशक्ती घटते आणि शरीराची स्वतःची संप्रेरके निर्माण करण्याची क्षमता मंदावते. अशी औषधे एकाएकी बंद करणेही धोक्याचे असते. चुकीच्या जागी टोचलेल्या सुईने पायाची मुख्य शीर दुखावून पाऊल लुळे पडू शकते, तर निर्जंतुक न केलेल्या सुईतून कावीळ ब, कावीळ क आणि एचआयव्ही यांचा संसर्ग होऊ शकतो.

वेदना हे बहुधा एखाद्या विकाराचे लक्षण असते. पाठदुखीमागे मणक्याचा क्षय किंवा कर्करोगही दडलेला असू शकतो. वेदना दाबली गेली, तर निदान लांबते. म्हणूनच वेदनाशमन करणाऱ्या व्यक्तीची पात्रता हा केवळ कागदोपत्री प्रश्न राहत नाही.

पात्रतेचा कायदा

मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवटीतून मुक्त झाला आणि १९६० मध्ये महाराष्ट्र राज्याचा भाग बनला. त्यानंतर लगेचच, १९६१ मध्ये, महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम करण्यात आला. आयुर्वेद आणि युनानी चिकित्सकांची पात्रता व नोंदणी यांची व्यवस्था लावणे आणि वैद्यक व्यवसायासंबंधीचा कायदा सुधारणे, हा त्याचा उद्देश होता. या अधिनियमाच्या कलम ३३ अन्वये नोंदणी नसलेल्या व्यक्तीने वैद्यक व्यवसाय करणे हा गुन्हा ठरतो. आधुनिक वैद्यकासाठी १९६५ च्या अधिनियमाखाली महाराष्ट्र वैद्यक परिषद कार्य करते. केंद्राच्या राष्ट्रीय वैद्यक आयोग अधिनियम, २०१९ च्या कलम ३४ मध्ये अनधिकृत व्यवसायास एक वर्षापर्यंत कारावास किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत.

नोंदणी असली, तरी ती कोणत्या चिकित्सापद्धतीची आहे हेही महत्त्वाचे ठरते. मुंबईत १९९२ मध्ये एका होमिओपॅथी चिकित्सकाने ताप आलेल्या रुग्णास आधुनिक औषधे दिली आणि पुढे तो रुग्ण दगावला. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या प्रकरणी असा निर्णय दिला, की ज्या पद्धतीचे ज्ञान नाही त्या पद्धतीने उपचार करणे हाच निष्काळजीपणा होय. रुग्णाच्या पत्नीस तीन लाख रुपयांची भरपाई मंजूर झाली. राज्याने कायद्याने मुभा दिलेल्या चिकित्सकांचा अपवाद १९९८ च्या निकालात मान्य करण्यात आला. महाराष्ट्राने २०१४ मध्ये औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या होमिओपॅथी चिकित्सकांना मर्यादित मुभा देणारी सुधारणा केली. आधुनिक वैद्यकातील डॉक्टरांच्या संघटनेने तिला उच्च न्यायालयात आव्हान दिले.

औषधचिठ्ठीचे बंधन

व्यक्तीप्रमाणेच औषधावरही कायद्याची नजर असते. १९४५ च्या औषध नियमांनुसार औषधचिठ्ठी लेखी, दिनांकित व स्वाक्षरीची असावी लागते आणि तीत रुग्णाचे नाव, पत्ता, मात्रा व एकूण प्रमाण नमूद करावे लागते. डॉक्टरांनी तसे लिहिले नसेल, तर एकाच चिठ्ठीवर ही औषधे दुसऱ्यांदा देता येत नाहीत. वर्षापूर्वीची मळकी चिठ्ठी दाखवून गोळ्या नेण्याची सवय या नियमाच्या विरुद्ध आहे.

ट्रामाडॉल, पेंटाझोसिन, ब्युप्रेनॉर्फिन यांसारखी व्यसन जडविणारी वेदनाशामके १ मार्च २०१४ पासून अंमलात आलेल्या ‘एच-१’ अनुसूचीत आहेत. ती विकताना औषध विक्रेत्याने डॉक्टरांचे व रुग्णाचे नाव-पत्ते, औषध आणि त्याचे प्रमाण स्वतंत्र नोंदवहीत लिहून ती वही तीन वर्षे जपून ठेवावयाची असते. ट्रामाडॉलचा गैरवापर वाढल्याने एप्रिल २०१८ मध्ये ते गुंगीकारक औषधांच्या कायद्याच्या कक्षेतही आणण्यात आले.

बंधनाची दुसरी बाजू

निर्बंध कडक केले म्हणजे सर्व प्रश्न सुटले, असे मानणेही चुकीचे ठरेल. १९८५ मध्ये अमली औषधांचा कायदा आला, तेव्हा अनेक गुन्ह्यांस किमान दहा वर्षांची शिक्षा ठेवण्यात आली. परवान्यांचे सोपस्कार आणि शिक्षेची धास्ती यांमुळे रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडून दिले. देशातील मॉर्फिनचा वैद्यकीय वापर १९८५ मध्ये सुमारे ७१६ किलो होता, तो १९९७ मध्ये सुमारे १८ किलोवर आला. जगासाठी अफू पिकविणाऱ्या देशात कर्करोगाच्या अखेरच्या अवस्थेतील रुग्ण तळमळत राहिले.

ही चूक सुधारण्यासाठी २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि २०१५ च्या नियमांनी मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन व हायड्रोकोडोन ही सहा औषधे ‘अत्यावश्यक’ ठरविली. अनेक परवान्यांऐवजी आता राज्याच्या औषध नियंत्रकाची मान्यता पुरेशी असते. मात्र अशा मान्यताप्राप्त संस्थेत वेदनाशमनाचे प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर असणे, औषधाच्या वापराची नोंद ठेवणे आणि वार्षिक विवरण सादर करणे आवश्यक असते. केरळात १९९३ मध्ये कालिकत येथे सुरू झालेल्या वेदनाशमन केंद्राने दाखवून दिले आहे, की प्रशिक्षित हात आणि चोख नोंद असल्यास मॉर्फिन सुरक्षितपणे घरोघरी पोहोचविता येते.

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याचा अनुभव याच्या उलट आहे. तेथे वेदनाशमन केंद्रांचे पेव फुटले आणि डॉक्टर स्वतःच गोळ्या विकू लागले. २०१० मध्ये दवाखान्यातून सर्वाधिक ऑक्सिकोडोन देणाऱ्या अमेरिकेतील शंभर डॉक्टरांपैकी ९८ एकट्या फ्लोरिडात होते. त्या राज्याने २०१० मध्ये अशा केंद्रांची नोंदणी सक्तीची केली आणि २०११ मध्ये डॉक्टरांनी ही औषधे स्वतः देण्यास मनाई केली. पुढील दोन वर्षांत ऑक्सिकोडोनमुळे होणारे मृत्यू सुमारे निम्म्यावर आले.

उणीव कोठे आहे?

आपल्याकडील कायदा व्यक्तीची पात्रता तपासतो आणि औषधाची नोंद मागतो. ‘वेदनाशमन केंद्र’ या ठिकाणाचा मात्र त्यात वेगळा विचार नाही. शुश्रूषागृहांच्या नोंदणीचा १९४९ चा अधिनियम मुख्यतः खाटा असलेल्या रुग्णालयांना लागू होतो. बाह्यरुग्ण तपासून सुई देणारा दवाखाना त्याच्या कक्षेबाहेर राहतो. वेदनाशमनाचे काम बहुधा भूलशास्त्रातील तज्ज्ञ विशेष प्रशिक्षण घेऊन करतात. परंतु तशी पाटी लावण्यापूर्वी हे प्रशिक्षण तपासणारी स्वतंत्र व्यवस्था अद्याप नाही.

नांदेड जिल्हा तेलंगणाला आणि लातूर जिल्हा कर्नाटकाला लागून आहे. किनवट, देगलूर, उदगीर, देवणी या भागांतील रुग्णांची आणि चिकित्सकांचीही सीमेपलीकडे ये-जा असते. अशा ठिकाणी पाटीवरील पदवीपेक्षा नोंदणी क्रमांकाची पडताळणी अधिक महत्त्वाची ठरते. नांदेड येथे १९८८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तर लातूर येथे २००२ पासून शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे. येथील भूलशास्त्र आणि अस्थिरोग विभागांच्या साहाय्याने तालुक्यातील डॉक्टरांना वेदनाशमनाचे प्रशिक्षण मिळाल्यास मजुराला सुईवाल्याच्या दारी जाण्याची गरज उरणार नाही. योग्य उपचार जवळ नसतील, तर केवळ कारवाईने अपात्र व्यक्तींचे दवाखाने बंद होत नाहीत. ते एका गावातून उठून दुसऱ्या गावात सुरू होतात.

नागरिकांनी काय करावे?

डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक औषधचिठ्ठीवर आणि पावतीवर असणे आवश्यक आहे. तो पाहावा. सुई देण्यापूर्वी औषधाचे नाव विचारावे आणि ते चिठ्ठीवर लिहून घ्यावे. पुडीत बांधून दिलेल्या नाव नसलेल्या गोळ्या घेऊ नयेत. मधुमेह, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास तो आधी सांगावा. एखाद्याच्या पात्रतेविषयी शंका आल्यास तालुका आरोग्य अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. औषध विक्रीसंबंधीची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते.

वेदनेतून सुटका मागण्याचा हक्क ऊसतोड कामगाराला आहे, तसाच तो कर्करोगाच्या रुग्णालाही आहे. एकाला नको ते औषध सहज मिळावे आणि दुसऱ्याला हवे ते मिळू नये, ही विसंगती दूर करावयाची, तर पात्र चिकित्सक आणि त्याने स्वच्छ अक्षरांत लिहिलेली औषधचिठ्ठी या दोन गोष्टी गावोगाव पोहोचल्या पाहिजेत.